मंदाक्रांतेत दात घासण्याविषयी

आगाशी,
मंगळवार, १४ डिसेंबर १९९९

ती. प्रेमाताईस,

करकर, करकर आणि मग खळ्ळ! आज पहाटे हा आवाज ऐकून मी अंथरुणात उठून बसलो. बाहेर रहाट कुठला असणार? तो मोडून जळणात गेला त्याला एक पिढी झाली. आता विहिरीवर पंप आहे आणि तो नुसता घूं करतो, त्याच्या तालावर कविता म्हणता येत नाही. पण माझ्या कानात तो जुना रहाट अजून फिरतो. करकर हा लाकडाचा आवाज, खळ्ळ हा मडकं पन्हळीत रिकामं झाल्याचा, आणि दोहोंच्या मधोमध अगदी बारीक खसखस खसखस, तो तुझा. तू विहिरीच्या काठावर परकर खोचून बसलेली, आजीच्या डबीतली मिश्री बोटानं दातांना लावणारी. आणि मी रेड्यामागून गोल गोल फिरत आपल्या शाळेच्या गुरुजींनी रचलेली अर्नाळ्याच्या किल्ल्यावरची कविता घोकणारा. प्रत्येक कडव्याच्या पहिल्या दोन ओळी माझ्या, तिसरी तुझी (रेड्याला हाकायला आणि श्वास घ्यायला मला तेवढी एक ओळ लागायची) आणि चौथी पुन्हा माझी. तोंडात मिश्रीचा काळा चिखल असूनही तू तुझी ओळ अशी खणखणीत टाकायचीस की रेडासुद्धा थबकून मागं बघायचा. केळीच्या पानांवरचं दव, ते कोवळं ऊन... असो. तुझी भावजय वसुंधरा म्हणते की माझ्या पत्रात केळीच्या पानांवर दव पडलं की टपालखर्च वाढतो.

तर शिरसाष्टांग नमस्कार. (अष्टांगांमध्ये दात धरत नाहीत, ही शास्त्रकारांची चूक आहे. यंदापासून माझे दातही या नमस्कारात सामील आहेत, आणि ते जागच्या जागी आहेत, हीच या पत्राची मुख्य बातमी.) तुझे गुडघे कसे आहेत? चिकूला यंदा बहर बरा आहे ना? डहाणूला थंडी पडली असेल, तर पहाटे ओट्यावर बसू नकोस. आम्ही उभयता खुशाल आहोत. वसुंधरेचा दमा नरम आहे आणि स्वभाव आहे तसाच आहे.

आता तुझ्या मागच्या पत्राबद्दल. त्यात तू लिहिलं होतंस, आपल्या घराण्यात साठीनंतर कुणाच्या तोंडात दात राहिलेले नाहीत. आजोबांचे गेले, बाबांचे गेले, नाना काकांचा तर शेवटचा दात बारशाच्या लाडवासारखा गावभर फिरला. तेव्हा आत्म्या, तू उगाच देवाशी भांडू नकोस, कवळी करून घे आणि मोकळा हो. ताई, तुझा शब्द मी जन्मात मोडला नाही. तू सांगितलंस म्हणून मी कुस्ती सोडली, तू सांगितलंस म्हणून मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकटलो आणि तू सांगितलंस म्हणूनच वसुंधरेला होकार दिला. (हे वाक्य तिनं वाचलं आहे. पुढं काही खोडलेलं दिसलं तर ते माझं नव्हे.) पण या एका बाबतीत तुझा धाकटा भाऊ जिंकला आहे. कसा, ते सविस्तर लिहितो. पाय पसरून बस.

सुरुवात श्रावणातली. आपल्या वाडीतल्या विहिरीजवळच्या पेरूला पहिलं पिकलेलं फळ धरलं होतं. मी त्याचा एक मोठा लचका तोडला आणि पेरू न्याहाळतो तर आतून लाल! मला वाटलं, कलम न करताच झाडाला लाल गराचा पेरू लागला. मी आनंदानं वसुंधरेला हाक मारली. तिनं पेरू पाहिला, मग माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "पेरू पांढराच आहे. लाल तुम्ही आहात."

रक्त हिरड्यांतून येत होतं. खरं तर दात घासताना ते गेलं वर्षभर येत होतं, पण चूळ भरली की गुलाबी पाणी मोरीतून वाहून जायचं आणि मीही त्याच्याबरोबर विसरून जायचो. आता विसरता येईना, कारण खालचे पुढचे दात जिभेनं ढकलले की हलायचे. तेव्हा मी काय केलं? जे आपल्या घरात पिढ्यानपिढ्या करतात तेच. तुला फोन केला. तू म्हणालीस, हिरड्या दुखावल्यात, त्यांना विश्रांती दे, ब्रश बंद कर आणि मिश्री लाव. मला बघ, कधी थेंबभर रक्त आलंय?

मी ब्रश बंद केला. मिश्रीही आणली. तुझी आठवण काढत विहिरीच्या काठावर, तुझ्याच जागी बसून ती लावली. सवय नसलेल्या माणसाला तंबाखू कशी लागते हे तुला ठाऊक नसणार, कारण तुला सवय नाही असा काळच कधी झाला नाही. आधी केळी फिरायला लागल्या. मग रहाट नसताना विहीर फिरायला लागली. मी गुरुजींची कविता म्हणून तोल सावरायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या ओळीला अळूत पडलो. वसुंधरा धावत आली. ती म्हणाली, "पडलात ते पडलात, नेमके फदफद्याच्या अळूवर कशाला पडलात?" आठवडाभर अळू झालं नाही. हिरड्या मात्र चांगल्याच झाल्या, म्हणजे फुगून टम्म.

त्याच सुमारास वाचनालयाची माणसं घरी आली. आपल्या वाचनालयाचा अमृतमहोत्सव, त्यात गुरुजींची आठवण म्हणून ती किल्ल्यावरची कविता मी पाठ म्हणावी अशी त्यांची इच्छा. ताई, माझं काय झालं असेल ते तुलाच कळेल. गुरुजींनी ती कविता कुठंही छापू दिली नाही. "कविता कागदावर ठेवलीत की कसर खाते. तोंडात ठेवा," असं ते म्हणायचे. आपण ठेवली. बरोबरच्या मुलांनीही ठेवली होती, पण ती मुलं एकेक करून गेली. आता ती कविता या जगात फक्त दोन तोंडांत आहे, एक तुझं आणि एक माझं. आणि आपल्या दोघांच्या तोंडांची ही दशा! गुरुजींना कसर ठाऊक होती, हिरड्या ठाऊक नव्हत्या. पुढचे दात पडल्यावर ती कविता म्हणायला गेलो असतो तर सगळा किल्ला नुसत्या फुसफुशीत वाहून गेला असता. त्या रात्री मी ठरवलं, हे दात राखायचे. माझ्यासाठी नव्हे, गुरुजींच्या समुद्रासाठी. (वसुंधरा म्हणते, शेंगदाण्यांसाठी. तेही खरं आहे.)

आपल्या वाडीच्या पलीकडच्या बर्नार्डची तुला आठवण आहेच. केळी सुकवून सुकेळी विकणारा, तुझ्या लग्नात ज्यानं केळीचे खांब फुकट दिले होते तो. त्याची मुलगी जुलियाना दातांची डॉक्टर झाली आणि तिनं पापडीला दवाखाना काढला. बर्नार्ड मला म्हणाला, "जा तिच्याकडं. पन जपून जा रे आत्माराम. पोर बापालापन सोडत नाय." मी गेलो, पण तोंड मफलरनं घट्ट बांधून, कारण आपल्याकडं सगळे सांगतात की दातांवरचं किटण मशीननं काढलं की दात हलायला लागतात, किटणानंच ते धरून ठेवलेले असतात. मी तिला आधीच बजावलं, नुसतं बघ, मशीन लावू नकोस.

तिनं खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडात सोडला आणि छोटा आरसा घेऊन एकेक दात तपासत गेली. मला वाटलं, पोरगी आत हरवली. मग म्हणाली, "अंकल, दात झकास आहेत तुमचे. किडलेला एखादाच. तुमचा प्रॉब्लेम दात नाहीत, हिरड्या आहेत." तिनं जे समजावलं ते इतकं आपल्या वाडीतलं होतं की मला एकदम तिचा आजाच बोलतोय असं वाटलं. ती म्हणाली, केळ पडते ती काय वाऱ्यानं पडते? बुंध्याची माती निघून गेलेली असते, वारा नुसतं निमित्त. दाताच्या मुळाशी अन्नाचा चिकट थर रोज बसतो, तो रोज काढला नाही की त्याचा दगड होतो, त्या दगडाखाली हिरडी सुजते, रक्त सोडते आणि हळूहळू दाताला सोडून खाली सरकते. ते किटण दाताला धरून ठेवत नाही, तेच माती खातं. "तुम्ही चोराला राखणदार समजून बसलात," ती म्हणाली. आणि रक्त आलं म्हणून घासणं बंद करणं म्हणजे घरात घाण झाली म्हणून केरसुणी फेकून देणं. मग तिनं विचारलं, रक्त आल्यावर काय काय केलंत? मी मिश्रीचं सांगितलं. कुणी सांगितलं, ते सांगितलं नाही. (सांगितलं. पण डहाणू म्हटलं, नाव घेतलं नाही.)

मी म्हटलं, मशीन लाव. ताई, ते मशीन म्हणजे कानात डास आणि तोंडात धबधबा. पण संपल्यावर जीभ फिरवली तर माझ्याच तोंडात मला पाहुण्यासारखं वाटलं. दातांच्या मागं जागाच जागा! कितीतरी वर्षं मी ज्याला जबड्याचं हाड समजत होतो ते निव्वळ किटण होतं. ती म्हणाली, माझं काम झालं, आता तुमचं. सकाळी आणि रात्री झोपताना दोन दोन मिनिटं ब्रश, दातांच्या फटींतून दोरा, आणि तीन महिन्यांनी परत या. तोवर हिरड्यांनी दात धरले तर ठीक, नाहीतर खालचे पुढचे काढावे लागतील. तीन महिने म्हणजे अमृतमहोत्सवाच्या बरोबर आदला आठवडा. मी खुर्चीतून उठलो तो तडक ब्रश घ्यायला बाजारात गेलो.

आता दोन मिनिटं कशी मोजायची? घड्याळाकडं बघत दात घासणं मला जमत नाही. घड्याळ बघितलं की मला पार्सल ऑफिस आठवतं आणि फेस गिळला जातो. म्हणून मी ठरवलं, मनातल्या मनात गुरुजींची कविता म्हणायची. सबंध कविता म्हणजे दोन मिनिटांहून जास्तच, शिवाय तालीमही होईल. आणि ब्रश घेतला तो बाजारातला सगळ्यांत कडक, कारण मला वाटलं, कामाचा ब्रश म्हणजे कडकच. पण कविता आहे भुजंगप्रयातात. तुला गुरुजी टेबलावर पट्टी आपटायचे ते आठवतं ना? लगागा लगागा लगागा लगागा! आणि त्या तालावर माझा हात आडवा असा काही सुटला की आरशावर, भिंतीवर आणि वसुंधरेच्या वाळत टाकलेल्या लुगड्यावर फेसाचे शिंतोडे. किल्ल्यावर तोफा सुटाव्यात तशी माझी मोरी दणाणायची. बर्नार्ड एकदा कुंपणावरून ओरडला, "आत्माराम, लाकूड रंधतोस काय रे आत?" पंधरा दिवसांत रक्त कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, आणि एका दाताची हिरडी सोलून निघाली.

दोऱ्याचं तर त्याहून वाईट. जुलियानानं एक छोटी डबी दाखवली होती, आत बारीक दोरा. ती डबी बोरिवलीशिवाय मिळेना. मला सुचलं, दोराच ना? अर्नाळ्याला जाळ्यांचा दोरा मिळतो, नायलॉनचा, गुळगुळीत, मजबूत. मी सायकल काढून किनाऱ्यावर गेलो. एक म्हातारी कोळीण जाळं विणत बसली होती. मी म्हटलं, बाई, मला सगळ्यांत बारीक दोरा द्या, वीतभर पुरे. ती माझ्याकडं बघतच राहिली. "येवढ्या दोऱ्यात कंचा म्हावरा धरनार, काका?" मी दातांकडं बोट केलं. तिनं जाळ्यातलाच एक तुकडा कापून दिला, पण मी निघालो तेव्हा आजूबाजूच्या बायकांना बोलावून मला दाखवलं. घरी येऊन आरशापुढं दोन दाढांमध्ये दोरा घातला, तो गेला खाली आणि अडकला. जाळ्याला गाठी असतात हे मला त्या क्षणी आठवलं. एक टोक तोंडाबाहेर लोंबतंय, बोलायला येत नाही, आणि तेवढ्यात वसुंधरा आली. तिनं आधी पोटभर हसून घेतलं, मग माझ्या कपाळावर एक तळहात टेकवला आणि दुसऱ्या हातानं ओढलं. गळाला लागलेल्या माशाला काय वाटत असेल ते मी आता जाणतो, ताई. तेव्हापासून पापलेट खाताना मी क्षणभर थांबतो.

शेवटी गुमान पापडीला गेलो आणि सगळं कबूल केलं. जुलियाना रागावली नाही, हसली, आणि ते जास्त लागलं. म्हणाली, "अंकल, दात घासताय का कढई?" मग तिनं मऊ ब्रश दिला, तो तिरका धरून अर्धा हिरडीवर आणि अर्धा दातावर कसा टेकवायचा, अगदी हळू, लहान लहान गोल कसे फिरवायचे, हिरडीपासून दाताकडं कसं यायचं आणि आतल्या बाजूला विसरायचं कसं नाही, हे माझा हात धरून दाखवलं. गाठी नसलेल्या दोऱ्याची डबीही दिली. आणि म्हणाली, "तुमची ती कविता फार फास्ट आहे. दुसरी स्लो नाही का एखादी?"

ताई, त्या प्रश्नानं माझ्या डोक्यात वीज चमकली. स्लो! अगं, मंदाक्रांता! नावातच सगळं आहे, हळूहळू पावलं टाकत जाणारी. सुरुवातीची चार अक्षरं गुरू, गागागागा, म्हणजे एका दातावर चार सावकाश गोल. मग पाच लघू येतात, तिथं हाताला घाई सुटते, म्हणून लघू आले की ब्रश उचलून पुढच्या दातावर न्यायचा. मग पुन्हा गुरू. मी त्याच रात्री मंदाक्रांतेत चार ओळी रचल्या, अर्थ काही नाही, नुसते मेघ, चांदणं आणि पेरू. त्या संथपणे चारदा म्हटल्या की दोन मिनिटं होतात. छंदःशास्त्राचा हा उपयोग आपल्या पूर्वजांच्या लक्षात आला असता, तर आजोबांचे दात त्यांच्याबरोबर गेले असते. जुलियानाला मी हा शोध सांगितला, तेव्हा तिनं विचारलं, "गुजरातीत पण असतं का असं? माझे निम्मे पेशंट गुजराती आहेत."

हळूहळू फरक पडला. आधी चूळ गुलाबी यायची, मग नुसती छटा, आणि एक दिवस स्वच्छ पांढरी. मी मोरीतून ओरडलो. वसुंधरेला वाटलं, पडलो. ती धावत आली आणि मी तिला पांढरी चूळ दाखवली. तुला सांगतो, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. (ती म्हणते, कांदा चिरत होते. कांदे घरात नव्हते.) मुदत संपली तेव्हा जुलियानानं तिच्या बारीक सळईनं माझ्या हिरड्या मोजल्या, खालचे दात हलवून पाहिले आणि म्हणाली, "धरलंय, अंकल. हिरडीनं धरलंय." ज्या दिवशी मला रेल्वेत कायम केलं त्या दिवशीही मी एवढा आनंदलो नव्हतो. परत येताना पापडीच्या देवळापाशी भाजलेलं कणीस घेतलं आणि चालता चालता पुढच्या दातांनी खाल्लं, सगळ्यांना दिसेल असं.

आता बर्नार्ड माझ्यावर रुसला आहे. झालं असं की, जुलियानानं सांगितलं, सुकेळी दिवसभर चघळत राहू नका, ती दाताला बिलगून बसते. खायची तर जेवणाबरोबर खा आणि वर चूळ भरा. मी हे अख्ख्या आगाशीला सांगत सुटलो. बर्नार्ड माझ्या ओट्यावर येऊन म्हणाला, "पोर शिकवली मी सुकेळी विकून, आता पोर सांगते सुकेळी खाऊ नका, आनि तू दवंडी पिटतोस! आता फादरकडं जाऊन कुनाचं पाप सांगू, तिचं का तुजं?" पण ताई, काल पहाटे मी कुंपणावरून पाहिलं, तर बर्नार्ड मोरीच्या दगडावर उभा राहून दात घासत होता, आणि ओठ हलत होते. प्रार्थना म्हणत होता, संथ, मंदाक्रांतेच्या चालीवर बरोबर बसेल अशी. मी कुंपणावरून हळूच मागं झालो. विजेत्यानं उदार असावं.

आणि परवाचा रविवार! वाचनालयाचं पटांगण भरलं होतं. मी उभा राहिलो, डोळे मिटले, रहाट सुरू झाला आणि कविता आली. प्रत्येक स, प्रत्येक श, प्रत्येक दंत्य अक्षर आपापल्या दातावर टेकून उमटत होतं. शेवटी टाळ्या थांबेनात. गुरुजींच्या सुनेनं मला नमस्कार केला. जुलियाना दुसऱ्या रांगेत होती; तिनं दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या आणि बाजूच्या माणसाला सांगितलं (हे मला नंतर कळलं), "हे दात माझे आहेत." फक्त तू नव्हतीस. बोलावलं तेव्हा तू गुडघ्यांचं कारण सांगितलंस. पण ताई, तू मागच्या पत्रात असंही लिहिलं होतंस की हल्ली पेज आणि पिकलेला चिकू एवढंच खाते, चावायची हौस राहिली नाही. तुझी? जिनं माझ्या वाट्याच्या उसाच्या कांड्याही दातांनी सोलल्या तिची? मी जुलियानाला विचारलं. ती म्हणाली, मिश्री लावणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, तंबाखूनं ते दाबून टाकलेलं असतं. रक्त दिसत नाही म्हणजे हिरडी बरी आहे असं नाही, उलट आत सगळं चाललेलं असतं आणि कळत नाही. तेव्हा घराण्याला दोष देऊ नकोस. आपल्या घराण्यात साठीमुळं दात जात नव्हते. आपल्या घराण्यात डबी फिरत होती. तू ये. डबी तिकडंच ठेवून ये. जे दात आहेत ते राखता येतील, असं ती म्हणाली आहे.

थोरांस नमस्कार, लहानांस ब्रश. तुझा, पेरू खाणारा,

आत्माराम

ता. क. वसुंधरा पत्र वाचून म्हणते की खरं लिहा. तर, एक दाढ गेली. मागची, डावीकडची. ती आधीच पोखरलेली होती, तिला कुठलंच वृत्त लागू पडलं नाही. आणि खालच्या पुढच्या दातांना मागून एक बारीक तार आहे, हिरड्यांना हात द्यायला. ती कुणाला दिसत नाही. कवितेलाही ती दिसली नाही.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. रविवारी शेवटच्या कडव्यात मी अडखळलो. दात सगळे जागेवर होते, ओळच जागेवर नव्हती. पहिल्या दोन ओळी आल्या, चौथी आली, तिसरीच्या जागी मी खोकलो. लोकांना वाटलं, भरून आलं. बाकीच्या तुझ्या ओळी मला ऐकून ऐकून पाठ आहेत, पण शेवटच्या कडव्याच्या वेळी नेमका आपला रेडा पाण्याकडं वळायचा आणि मी त्याच्या शेपटीशी झोंबत असायचो. ती ओळ मी कधी नीट ऐकलीच नाही, आणि मोरीतल्या तालमीत दोन मिनिटं शेवटच्या कडव्याआधीच संपायची, म्हणून ती उणीव कळलीही नाही. ती आता फक्त तुझ्या तोंडात आहे. ताई, टपालानं का होईना, ती कळव. वाचनालय सबंध कविता माझ्या आवाजात टेप करून घेणार आहे आणि मी त्यांना सांगितलंय की येत्या आठवड्यात.

ता. क. तिसरा. पाकीट डकवायला भाताचं शीत आणायला उठलो, तर अंगणात रिक्षा वाजली. या वेळी कोण म्हणून दार उघडलं, तर तू! एकटी, पिशवी बगलेत, पदर तोंडाला लावलेला, एक गाल सुजून पेरूएवढा. मी दाराची चौकट धरून नुसतं म्हटलं,

किनारा तुझा सोडुनी दूर गेलो
तरी गाज घेऊन कानात आलो

आणि श्वास घ्यायला थांबलो. तू पदराआडून, फटींतून वारा सुटत होता तरी, लगेच म्हणालीस,

झिजे फत्तराचा कडा रोज थोडा

आणि मी,

तरी सोडिना तो समुद्रास वेडा.

तू पिशवीतून मिश्रीची डबी काढून माझ्या हातात कोंबलीस आणि म्हणालीस, "ओळ दिली. आता बोल, वसुंधरेनं फोनवर सांगितली ती बर्नार्डची पोर किती वाजता बसते? रिक्षा थांबवलीय."

पत्र आता टपालात टाकत नाही. रिक्षेत तुझ्याच हातात देतो, बोलू नकोस, वाच.